लॉन बॉय अर्धा तास वाजलं, त्या रात्री मी तिथं होते

हे मला कितीतरी दिवस लिहायचं होतं, पण दरवेळी सुरुवातीलाच अडायचं, कारण फिश हा अमेरिकन बँड (लॉन बॉय हे त्यांचंच एक गाणं) आपल्या लोकांत फारसं कुणी ऐकत नाही आणि ज्यांना नाव माहितीय त्यांनाही एवढंच माहिती असतं की हे लोक एकच गाणं वीस वीस मिनिटं वाजवतात. मग म्हणलं सरळ त्या दिवसाचंच सांगावं. २५ जुलै २०१७, मंगळवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. माझा पहिला शो.

पण तिथवर पोचायला मला पाच वर्षं लागली, ते आधी सांगते.

२०१२ ला लग्न होऊन मी न्यूजर्सीत आले, एडिसनला. नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. एडिसनमध्ये आपली माणसं भरपूर, दुकानात भाजणी मिळते, गणपती बसतात, तरीपण नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत घरात एकटीनं दिवस काढायचा म्हणजे काय असतं ते ज्या बायकांनी काढलाय त्यांनाच माहिती. मग २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, पुढं आमचंही झालं आणि २०१६ ला मी एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सला लागले. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, पन्नाशीला टेकलेली, पांढरे झालेले केस तसेच मोकळे, कानात कायम हेडफोन आणि टेबलाखाली पाय हलत असायचा. पहिल्याच महिन्यात मी तिला ताई म्हणायला लागले, तिनं अर्थ विचारला, मी सांगितला, तिला तो इतका आवडला की ऑफिसात सगळ्यांना सांगायची की ही माझी धाकटी बहीण.

ताई कॉलेजात असल्यापासून फिशच्या मागं फिरलेली. दीडशेच्या वर शो बघितलेले. तिच्याकडं कॅसेटची खोकी आहेत अजून, नव्वदच्या दशकातली, कारण हा बँड पहिल्यापासून लोकांना शो रेकॉर्ड करू देतो, टेपर लोकांना वेगळी जागा असते, ते उंच काठ्यांवर माइक लावून उभे राहतात आणि मग त्या टेपा एकमेकांना द्यायच्या, विकायच्या नाहीत. ताई सांगायची, कोऱ्या दोन कॅसेट आणि टपालाचा खर्च पाकिटात घालून अनोळखी माणसाला पाठवायचा आणि तीनचार आठवड्यांनी शो घरी यायचा. बँड काही रेडिओवर वाजणारा नव्हताच, १९८३ ला व्हरमाँटच्या युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी सुरू केलेला, तो या टेपांवरच पसरला.

तिनं मला ऐकवलं बरंच. खरं सांगते, पहिले दोनतीन महिने मला काहीच लागलं नाही. गाण्याचे शब्द समजले तरी त्यांचा अर्थ लागेना, गाणं सुरू व्हायचं, छान चाल असायची, आणि मग शब्द संपायचे आणि ते चौघं कुठं निघून जायचे तेच कळायचं नाही. मी मान हलवून हेडफोन परत द्यायचे.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती १९९९ च्या ३१ डिसेंबरचं सांगत होती. फ्लोरिडात बिग सायप्रस म्हणून सेमिनोल लोकांचं रिझर्व्हेशन आहे, तिथं फिशनं नव्या वर्षाचा शो केला. मध्यरात्रीच्या जरा आधी सुरू केलेला सेट, म्हणजे एका बैठकीत वाजवायचा भाग, थेट सूर्य उगवेपर्यंत वाजवला, सातसाडेसात तास, मध्ये ब्रेक नाही. ताई म्हणाली, पहाट व्हायला लागली तशी आजूबाजूला उभ्या असलेल्यांची तोंडं दिसायला लागली आणि तेव्हा कळलं की रात्रभर आपण कुणाच्या शेजारी नाचत होतो.

हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. कारण हे मी बघितलंय. अमेरिकेत नाही, आमच्या गावात.

आमचं गाव फलटण तालुक्यात, तरडगावच्या जवळ, माउलींची पालखी जाते त्या वाटेवर. माझे वडील, अण्णा, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकादशीचा जागर असला की रात्री दहाला सुरू झालेलं भजन पहाटे काकड्यालाच थांबायचं. मी लहान असताना अण्णांच्या मागं पोत्यावर झोपायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळायचं काम माझं, फार सैल नाही, फार घट्ट नाही, आणि अण्णा ती बोटानं थापून थापून कान लावून बघायचे, थोडी काढायचे, परत लावायचे. त्या कणकेचा वास आणि देवळातल्या फरशीचा गारवा मला अजून आठवतो. आणि मला आठवतं की रात्री दोनअडीचच्या पुढं, म्हातारी माणसं पेंगायला लागल्यावर, एखादा अभंग असा लागायचा की शब्द बाजूला पडायचे, नुसता गजर उरायचा, टाळ चढत जायचे आणि अण्णांचे हात कुठं चाललेत ते अण्णांनाही माहिती नसायचं. मग कधीतरी वीणेकरीबुवा नुसती मान वर करायचे आणि सगळे एका दमात ध्रुपदावर. ते ध्रुपदावर येणं मला झोपेतही कळायचं, मी जागी व्हायचे.

तर त्या दिवशी घरी जाऊन मी परत फिश ऐकलं, या कानानं. गाणं म्हणजे ध्रुपद आणि चरण, ते ठरलेलं. मधली जागा मोकळी, तिथं आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायचं, त्यालाच जॅम म्हणतात. त्या मोकळ्या जागेत ते दोन तऱ्हेनं जातात, एक म्हणजे गाण्याची चाल न सोडता तिच्यातच विस्तार करत राहायचं, आणि दुसरी म्हणजे चालच सोडून द्यायची, सूर बदलायचा, ठेका बदलायचा, आणि कुठं पोचायचं ते ठरवायचंच नाही. याला फॅन लोक टाइप वन आणि टाइप टू म्हणतात. मला दोन्हीला नावं सापडली होती आणि माझी नावं मला जास्त जवळची वाटली. त्यानंतर मी ऑफिसला जाताना येताना दुसरं काही ऐकलेलंच नाही. ड्रमवर जॉन फिशमन, बासवर माइक गॉर्डन, कीबोर्डवर पेज मॅककॉनेल, गिटारवर ट्रे अनास्तासिओ, हे चौघं मला आवाजावरून वेगळे ओळखू यायला लागले. एकदा ते ओळखता आलं की मग मजा सुरू होते, कुणी काय टाकलं आणि कुणी ते उचललं हे ऐकू येतं.

२०१७ च्या सुरुवातीला जाहीर झालं की फिश उन्हाळ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तेरा रात्री वाजवणार. एकाच हॉलमध्ये तेरा रात्री. नाव ठेवलं बेकर्स डझन, कारण बेकरीवाल्याचं डझन तेराचं. आणि रोज रात्री एक वेगळा डोनट, फिलाडेल्फियाचं फेडरल डोनट्स म्हणून दुकान आहे त्यांचा, लवकर येणाऱ्यांना फुकट, आणि त्या डोनटच्या चवीवरून त्या रात्रीच्या गाण्यांत काहीतरी असणार. ताईनं तिकिटांच्या लॉटरीत नाव घातलं आणि मला विचारलं एक रात्र येशील का. मी घरी विचारायच्या आधीच हो म्हणून बसले होते. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, रात्री त्याला सोडून मी कधीच कुठं गेले नव्हते. नवऱ्यानं एवढंच विचारलं किती वाजता येशील, आणि म्हणाला जा, मी त्याला वरणभात भरवून झोपवतो. त्याबद्दल मी त्याची आयुष्यभर ऋणी आहे आणि हे मी इथं लिहितेय ते त्यालाही वाचू दे.

माझ्या वाटणीला चौथी रात्र आली. तोपर्यंत नारळाची रात्र झाली होती, स्ट्रॉबेरीची झाली होती, रेड व्हेल्वेटची झाली होती, आणि तीन रात्रींत एकही गाणं परत वाजलं नव्हतं. बँडनं तसं काही सांगितलेलं नव्हतं पण लोक मोजत होते, यादी घेऊन बसले होते की हे तेरा रात्री असंच करणार की काय. (केलं. तेरा रात्रींत २३७ वेगवेगळी गाणी, आणि शेवटच्या रात्री त्यांच्या नावाचा झेंडा गार्डनच्या छताला लावला.) मंगळवारचा डोनट जाहीर झाला, जॅम भरलेला. झालं, ऑफिसात ताईचं कामात लक्षच नाही, सारखं म्हणायची जॅम म्हणजे फळाचा जॅम का आपला जॅम, सांग तू, दोन्ही असेल तर काय करायचं.

त्या उन्हाळ्यात पेन स्टेशनच्या रुळांची दुरुस्ती चालली होती, गाड्यांचं वेळापत्रक बदललेलं, म्हणून आम्ही दोन तास हातात ठेवूनच निघालो. गार्डन बरोबर पेन स्टेशनच्या डोक्यावर आहे, गाडीतून उतरायचं, जिने चढायचे की बाहेर सेव्हन्थ अव्हेन्यू. आणि वर आल्या आल्या मला आषाढीच्या आधीचं लोणंद आठवलं, म्हणजे गर्दी तेवढी नाही पण जात तीच. लोक गटागटानं फुटपाथवर बसलेले, कुणी हातानं छापलेले टीशर्ट विकतंय, कुणी एक बोट वर करून फिरतंय म्हणजे एक तिकीट पाहिजे, आणि ओळखीची माणसं एकमेकांना वर्षांनी भेटल्यासारखी कडकडून भेटतायत. ताईला तर दर दहा पावलांवर कुणीतरी भेटत होतं. एक म्हातारे गृहस्थ, साठीच्या पुढचे, त्यांनी तिला सहा वर्षांनी बघितलं होतं आणि पहिला प्रश्न काय, तर रविवारी होतीस का. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना मी शोधत होते, मोजकीच होती. पण मला एका क्षणासाठीही परकं वाटलं नाही हे मनापासून सांगते.

डोनट मिळाला. छोटा, गरम नव्हता पण ताजा, आतून लाल जॅम. श्रावण कालच लागला होता, श्रावणातला पहिला मंगळवार, त्यात अंडं असेल म्हणून मी खाल्ला नाही, मुलासाठी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. ताई म्हणाली फुटेल तो, खा. नाही खाल्ला.

आमची जागा डावीकडं वरच्या बाजूला, पेज बसतो त्या बाजूला. शेजारच्या रांगेतल्या एकानं विचारलं कितवा शो, मी म्हणलं पहिला, आणि पुढची मागची मिळून सातआठ माणसं वळली, सगळ्यांनी हात मिळवला. एकीनं गळ्यातलं चमकणारं कडं काढून माझ्या हातात घातलं. लहान मुलाचं बारसं असल्यासारखं माझं कौतुक झालं.

दिवे गेले. वीसेक हजार माणसं एकदम ओरडली, तो आवाज कानानं नाही, छातीनं ऐकू येतो. चौघं आले, फिशमन त्याच्या त्या गोल गोल चकत्यांच्या झग्यात, नुसते आले आणि वाजवायलाच लागले, नमस्कार नाही, भाषण नाही. पहिलं गाणं सँपल इन अ जार. जार म्हणजे बरणी, बरणीत जॅम, लोक हसायला लागले, म्हणजे आज फळाचाच जॅम असं आजूबाजूचे म्हणत होते. ताईच्या मांडीवर एक वही असते, पेन्सिल बांधलेली, ती अंधारातच लिहिते. तिनं नाव लिहिलं आणि शांत बसली.

दुसरं लॉन बॉय.

लॉन बॉय माहिती नसलेल्यांसाठी सांगते. हे त्यांचं छोटं गाणं आहे, तीनचार मिनिटांचं, त्यात पेज कीबोर्ड सोडून माइक घेऊन पुढं येतो, जुन्या काळच्या हॉटेलातल्या गायकासारखा रेंगाळत गातो, लोक त्याला टाळ्या देतात, मग माइक गॉर्डन बासवर थोडं वाजवतो आणि संपतं. मोठ्या गाण्यांच्या मधला विसावा. पंगतीत ताक येतं तसं. हे गाणं कुणी जॅमसाठी ऐकायला जात नाही. ताई मला म्हणाली पाणी आणायचं असेल तर आत्ता जा.

मी गेले नाही, आणि ते माझं नशीब.

पेज गायला, बास आला, आणि गाणं संपायच्या जागेवर संपलंच नाही. माइक गॉर्डननं बास चालूच ठेवला. फिशमननं ठेका सोडायला पाहिजे होता, त्यानं नाही सोडला. ट्रे मान खाली घालून काहीतरी दोनतीन सूर तेच तेच फिरवत होता, अगदी हळू, दार लोटून बघावं तसं. पेज परत कीबोर्डवर गेला. आणि मला आठवतं, आमच्या सेक्शनमध्ये एकदम शांतता पसरली, म्हणजे लोक नाचत होते पण बोलणं थांबलं, आणि मग एकेकाचे डोळे मोठे व्हायला लागले, लोक एकमेकांकडं बघायला लागले की तुला पण हेच ऐकू येतंय ना. ताईनं माझं मनगट धरलं. तिचा हात थंड पडला होता.

फक्त आमच्या मागं दोघंजण बोलत होते. मोठ्यानं, ऑफिसचं काहीतरी, कुणाला बोनस मिळाला, कुणाला नाही. अशा लोकांना फॅन लोक चॉम्पर म्हणतात आणि मला तोपर्यंत तो शब्द उगाच कडक वाटायचा. आता वाटत नाही. वीणेकरी समोर उभा असताना मागं बाजारभावाची चर्चा केलेली चालते का? ताई वळली, एक शब्द बोलली नाही, नुसतं त्यांच्याकडं बघत राहिली, दहा सेकंद, वीस सेकंद, आणि ते गप्प झाले. मला तिच्याबद्दल त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा क्वचितच कुणाबद्दल वाटला असेल.

पुढचं मी जमेल तसं सांगते. दहाएक मिनिटांनी मूळ गाण्याची चाल कुठंच उरली नव्हती. मी ट्रेकडं बघत होते कारण सगळे गिटारवाल्याकडंच बघतात, पण मग लक्षात आलं की तो फार कमी वाजवतोय. तो वाट बघतोय. पेजनं एक सूर लावून धरला की ट्रे त्याच्याखाली सरकायचा, गॉर्डन त्याची जागा बदलायचा, आणि फिशमन या तिघांच्या मधल्या फटी भरत नव्हता, मोकळ्या सोडत होता. अण्णा म्हणायचे, पखवाजी शिकतो कधी, तर हात उचलून धरायला लागतो तेव्हा. मी ते वाक्य पंचवीस वर्षं ऐकलं होतं, ते मला दिसलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, झगा घातलेल्या एका दाढीवाल्या माणसाच्या हातात. तो काठी उचलायचा, मारायची वेळ यायची, आणि तो मारायचा नाही, तसाच एक ठोका जाऊ द्यायचा, आणि त्या न मारलेल्या ठोक्यावर अख्खा हॉल पुढं झुकायचा.

आणि दिवे. त्यांचे दिवे क्रिस कुरोडा नावाचा माणूस सांभाळतो, १९८९ पासून तोच, आणि तोही हातानं, त्या त्या क्षणाला, बँडला ऐकून. पाचवा वाजवणाराच म्हणायचा. त्यानं सगळा हॉल निळा करून ठेवला होता कितीतरी वेळ, आणि संगीत चढायला लागलं तसा तो निळा हळूहळू वितळत गेला, मग एका ठिकाणी चौघंही एकदम वर गेले, कुणी खूण केली नाही, निदान मला तरी दिसली नाही, आणि पांढरा प्रकाश सगळ्या लोकांवर पडला. पायाखालचं काँक्रीट हलत होतं. खरंच हलत होतं, गार्डनमध्ये सगळे एकदम नाचले की जाणवतं. मी ओरडत होते. रडतही होते, ते मला नंतर कळलं, ओढणीनं तोंड पुसायला गेले तेव्हा.

किती वेळ झाला ते मला माहिती नव्हतं. संपल्यावर पुढच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. जवळजवळ अर्धा तास. लॉन बॉय, अर्धा तास. वीस वीस वर्षं शो बघणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ताईच्या वहीकडं बघितलं तर तिनं लॉन बॉय लिहिलं होतं, पुढं बाण काढला होता, कारण गाणं न संपता दुसऱ्यात शिरलं की बाण काढायची पद्धत आहे, आणि बाणावर पेन्सिल इतकी दाबली गेली होती की कागद फाटला होता.

पहिल्या सेटमध्ये तासाभराच्या वर वेळात फक्त पाच गाणी झाली. मग कळलं, आजचा जॅम फळाचा पण होता आणि आपला पण. त्यातल्या स्टॅश या गाण्याला सुरुवातीला ठरलेल्या जागी सगळे टाळ्या वाजवतात, त्या मी चुकले नाही, टाळ धरलेला हात आहे शेवटी.

ब्रेकमध्ये पर्स उघडली. डोनट फुटला होता. जॅम सगळीकडं, चाव्यांना, मोबाइलला, तिकिटाला. तिकीट जाड कागदाचं, घरी टपालानं आलेलं, त्याच्या कोपऱ्यावर लाल डाग पडला. मी ते पुसलं नाही. ते आहे माझ्याकडं अजून, डाग आता तपकिरी झालाय.

दुसरा सेटही चांगला होता, त्याबद्दल मी फार लिहीत नाही कारण माझं मन पहिल्यातच अडकलेलं. मध्ये कधीतरी मी बसून घेतलं आणि नुसते डोळे मिटून ऐकलं. शेवटी एन्कोरला, म्हणजे लोकांनी परत बोलावल्यावर वाजवतात त्यात, ज्युलियस सुरू झालं, मोठं आनंदी गाणं, लोक जॅकेट वगैरे हातात घेऊन नाचत होते, शेवटचं आहे म्हणून. ते संपलं आणि थांबलं नाही. पेज परत माइक घेऊन पुढं आला.

लॉन बॉयचा शेवट. जो पहिल्या सेटमध्ये राहिला होता तो. त्यांनी तो एवढा वेळ तसाच उघडा ठेवला होता आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की तो गेला. माझ्या शेजारचा माणूस, सहा फुटी, खुर्चीत मटकन बसला आणि तोंड हातांत घेतलं. ताईनं वहीची पानं मागं उलटली, तो फाटलेला बाण शोधला, आणि त्याच्यापुढं काहीतरी बारीक लिहिलं, मी विचारलं नाही काय ते.

खाली पेन स्टेशनला गाडीची वाट बघत शेकडो माणसं उभी होती आणि कुणी जास्त बोलत नव्हतं. घरी पोचले तर एक वाजून गेला होता. मुलगा नवऱ्याच्या पोटावर झोपलेला. मी उरलासुरला डोनट ओट्यावर ठेवला, सकाळी त्यानं आवडीनं खाल्ला.

बँड स्वतःच सगळ्या शोचं रेकॉर्डिंग लगेच काढतो, ते मी घेतलं आणि डिसेंबरात गावी गेले तेव्हा सोबत नेलं. संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसले होते, आई आत भाकरी थापत होती. मी छोटा स्पीकर त्यांच्याजवळ ठेवला, म्हणलं अण्णा, मी अमेरिकेत भजनाला जाऊन आले, ऐका. गाणं आलं, इंग्रजी शब्द, ते काही बोलले नाहीत. शब्द संपले. पाचसहा मिनिटांनी त्यांचा डावा हात मांडीवर पडला. मग उजवा. मी बघत होते, ते फिशमनच्या बरोबर नव्हते जात, त्यांचं त्यांचं काहीतरी चाललं होतं, पण फिशमननं हात उचलून धरला की त्यांचाही उचललेला असायचा. मध्येच म्हणाले, "ह्यो वाजवणारा जुना दिसतोय."

"पन्नाशीचा आहे," मी म्हणलं. "तीसपस्तीस वर्षं हेच चौघं."

"मंग."

आई पीठाच्या हातानं बाहेर आली, काय चाललंय बघायला, आणि दाराला टेकून उभी राहिली. तो वरचा भाग आला, सगळे एकदम चढतात तो, अण्णांनी डोळे मिटले, आणि मग तो उतरला आणि दुसऱ्याच गाण्यात शिरला. मी स्पीकर बंद केला.

अण्णा थोडा वेळ तसेच बसले. "ध्रुपदावर आले न्हाईत."

"आले अण्णा. पण लगेच नाही. मध्ये सगळा कार्यक्रम झाला, दीडदोन तास, अगदी शेवटी आले."

"आले ना पण?"

"आले."

"लाव मग ते," अण्णा म्हणाले, आणि मांडी बदलून नीट बसले.